गाव वाचतंय, अमॉस

फोर्ट ली, न्यू जर्सी
८ ऑक्टोबर १९११

सेलिना,

शिव्या देऊन झाल्या असतील तर वाचायला घे. आठ महिन्यांत येतो म्हणून नाटक मंडळीबरोबर निघालो, त्याला या नाताळात तीन वर्षं होतील. मला महिने मोजता येत नाहीत असं नाही. आमचा मॅनेजर पिट्सबर्गला कंपनीचे कपडे, पडदे आणि नायिका एवढं सगळं घेऊन पसार झाला, हे मागेच कळवलं होतं. त्यानंतर 'नाटकांतून कामं करतो' असं लिहीत आलो, ते मात्र खोटं. मी मूकपटात काम करतो. इथले नाटकवाले आम्हाला रस्त्यात ओळख देत नाहीत, म्हणून तुलाही सांगायची लाज वाटत होती.

आता लाज सोडली, कारण पहिल्यांदाच मोठं काम मिळालंय. मी गलबताचा कप्तान आहे. धक्क्यावर बायकोचा निरोप घेतो, गलबत बुडतं, बायको दगडावर बसून समुद्राकडे बघत राहते. बायको झालीय ती मिस कोरा. बोट खरं तर हडसन नदीवरची कोळशाची आहे, आणि थंडी अशी की कोराचं नाक लाल झालं, त्यावर पिवळा रंग चोपडावा लागला.

आमचे दिग्दर्शक मिस्टर ब्रँट माझ्यावर खूश आहेत. म्हणतात, "अरे, तुझं तोंड ब्रुकलिनमधूनसुद्धा वाचता येईल!" आता गिरणीत मागांच्या खडखडाटात सहा वर्षं काढलेल्या माणसाचं तोंड दुसरं कसं असणार? शेडच्या या टोकाहून त्या टोकाला ओठांनीच गप्पा मारायच्या, ती सवय सुटते होय? इथे त्याला अभिनय म्हणतात. मी त्यांना लंडनच्या नाटकांतली तालीम म्हणून सांगितलंय. गिरणीचं नाव काढलं नाही. आणि हो, इथे माझं नाव ऑब्रे फेन आहे. अमॉस एंटविसल या नावाचा कप्तान कोणाला पटत नाही.

काय बोलतो याला काही महत्त्व नसतं. तोंड हललं की झालं. गोष्ट पाटीवर लिहून येते.

हिवाळा सरता सरता हे चित्र इंग्लंडात आपल्या गावी, क्रॉशॉला येईल, को-ऑपच्या हॉलमध्ये. तुझ्या मैत्रिणीला, डॉलीला ने, गिरणीतल्या तुझ्या खात्यातल्या सगळ्या जणींना ने, तुझ्या आईलाही ने. पुढच्या रांगेत बस आणि ऐटीत सांग की हा माझा नवरा. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
ऑब्रे (म्हणजे अमॉस)


फोर्ट ली
१४ मार्च १९१२

सेलिना,

सासूबाईंचं पत्र आलं. तीनदा वाचलं. त्यांनी लिहिलंय ते मुद्दाम उतरवून काढतो, म्हणजे मी वाचलंच नाही असं कोणाला म्हणता येणार नाही.

"जावईबापू, तुमच्या सांगण्यावरून माझी लेक अठरा बायकांना घेऊन पुढच्या रांगेत बसली. नवी टोपी घालून बसली. तुम्ही पडद्यावर आलात तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग त्या लाल नाकाच्या बाईला मिठी मारून तुम्ही बोलायला लागलात. हॉलमध्ये चारशे माणूस. चारशेही मागावरचे. पाटी आली, 'प्रिये, मी नक्की परत येईन.' पण त्याआधीच तुमचं तोंड आम्ही वाचलं होतं. 'बायकोला आठ महिन्यांत येतो सांगून आलोय. भट्टीत भाजलेल्या तिच्या हॉटपॉटातलं मटण चावून चावून दात झिजले माझे. आठ वर्षांतही जात नाही बघ!'  मग मागून कोणीतरी खिदळलं, आणि सगळा हॉल हसला. माझी लेक उठली, शाल घेतली आणि मधल्या वाटेनं मान वर करून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पोरी तिच्या पाठीमागे एकमेकींना ओठांनी 'हॉटपॉट, हॉटपॉट' म्हणत होत्या. तिला वाटतं मला माहीत नाही. तिनं चॅपलमध्ये बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय, तुम्हाला जन्मात एक अक्षर लिहिणार नाही. म्हणून मी लिहितेय. आता ते तोंड घेऊन तिकडेच राहा. हेप्झिबा पिकप."

सेलिना, ते शब्द मला पढवले होते. मिस्टर ब्रँटनी सांगितलं होतं की असंच म्हण.

नाही. हेही खोटं आहे. कोणी काही सांगितलं नव्हतं. कोरा थंडीनं काकडत होती, तिच्या तोंडावर काही भावच उमटेनात. भोवती दहा-बारा पुरुष उभे होते. मला शहाणपणा दाखवायचा होता. घरच्या बायकोची टर उडवली की चार पुरुष हसतात, आणि चार पुरुष हसले की आपण त्यांच्यातले झालो असं वाटतं. ते हसले. मग मी विसरूनही गेलो. तुला पत्र लिहिताना काय बोललो होतो ते आठवलंसुद्धा नाही. शेडची बोली अजून माझ्या तोंडात आहे हे मीच लिहिलं, आणि ती वाचणारे चारशे जण त्या हॉलमध्ये बसणार हे मलाच सुचलं नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हॉटपॉटचं खरं काय ते सांगू? इथे सगळं मिळतं. ऑयस्टर मिळतात, हाताएवढ्या कणसांवर लोणी घालून देतात. आणि मी रविवारी खाटेवर पडून तुझ्या हॉटपॉटवरचे करपलेले बटाटे आठवतो, कडेचे, ज्यांच्यासाठी आपण भांडायचो. ते तू मला द्यायचीस. मला वाटायचं मी जिंकलो.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो.

अमॉस


एडेंडेल, लॉस एंजेलिस
२ फेब्रुवारी १९१४

सेलिना,

दोन वर्षांत नऊ पत्रं टाकली. एकही परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी ती घेतंय. सासूबाई चुलीत घालत असतील तर निदान चहाचं पाणी तरी तापत असेल.

कंपनी आता इकडे आली आहे. इथे वर्षभर ऊन. संत्र्यांच्या बागा आहेत, धूळ आहे, आणि घोड्यावर बसता येतं असं खोटं सांगणारे माझ्यासारखे खूप आहेत.

मी एक ठरवलंय. चारशे जणांसमोर जे फाडलं ते चारशे जणांसमोरच शिवलं पाहिजे. म्हणून गेल्या वर्षापासून प्रत्येक चित्रात मी तुझ्याशी बोलतोय. पाहिलंस का? डॉक्टर झालो होतो त्या चित्रात, आजारी पोरावर वाकतो तेव्हा नीट बघ. पाटीवर येतं, 'आजची रात्र कठीण आहे.' मी म्हणतोय, 'सेलिना, मी मूर्ख आहे.' न्यायाधीश झालो तेव्हा फाशीची शिक्षा सुनावताना म्हटलंय, 'तिच्यासारखा हॉटपॉट अख्ख्या लँकेशायरात कोणी करत नाही.' आरोपीचं काम करणारा बिचारा रडायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. परवा लग्नाच्या प्रसंगात नवरीचं काम करणारी मुलगी फणकारली, "मिस्टर फेन, मी तिसऱ्यांदा तुमच्याशी लग्न करतेय आणि तिन्ही वेळा तुम्ही कुठल्यातरी सेलिनाला हाक मारलीत. कोण आहे ही बया?" मी म्हटलं, "आमच्याकडची देवाची प्रार्थना आहे." तिनं मान हलवली. इथे इंग्रज माणसाचं काहीही खपतं.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. सिनेमाच्या मासिकात माझ्याबद्दल छापलंय की मी ऑक्सफर्डचा, सरदार घराण्यातला, आणि अविवाहित. मी लिहून दिलं नाही. पण खोडूनही काढलं नाही.

सेलिना, मला घरी यायचंय. उद्या बोटीत बसू शकतो. पण त्या गावात बोलावल्याशिवाय पाय ठेवायची छाती नाही माझी. स्टेशनपासून आपल्या दारापर्यंत चढ आहे, आणि चढावर दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घराच्या पायरीवर कोणीतरी बसलेलं. तू 'ये' म्हण. तेवढंच पुरे. लिहिणार नाहीस अशी तुझी शपथ आहे, कबूल. पण बोलणार नाहीस अशी तर नाही ना? कुणापाशी तरी बोल. कसंही माझ्यापर्यंत पोहोचेल.

मी वाट बघतोय. दुसरं काही करत नाही, चित्रंसुद्धा वाट बघता बघताच करतो.

अमॉस


लॉस एंजेलिस
२० ऑगस्ट १९१६

सेलिना,

पाकीट मिळालं. आत नुसतं वर्तमानपत्राचं कात्रण. 'श्रीमती हेप्झिबा पिकप, वय ६८, अल्प आजाराने.' सोबत चिठ्ठी नाही. पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा आहे. तू शपथ मोडली नाहीस, मला ठाऊक आहे. पाकिटावरचं पोस्टमनसाठी असतं. पण 'अमॉस'चा 'अ' काढताना तुझा हात जरा थांबलाय, शाई तिथे जास्त उतरलीय. ते पाकीट मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय.

सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच पत्र लिहिलं आणि त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. मी रडलो. कोणाला सांगू नकोस, त्यांना तर मुळीच आवडलं नसतं.

मी आता दिग्दर्शक झालोय. सगळे अभिनंदन करतात आणि मला मात्र कोणी तोंडाला कुलूप घातल्यासारखं झालंय. कॅमेऱ्याच्या मागे उभा राहणारा तुझ्याशी बोलणार कसा? मग दुसऱ्यांकडून बोलून घेतो. माझा नायक नेपल्सचा आहे, न्हाव्याचा मुलगा. त्याला मी आपल्याकडचं एक वाक्य पाठ करून घेतलं, 'सेलिना, कडेचे बटाटे तू खा.' आठवडाभर घोकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, ही मागणी घालायची पद्धत आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "हो रे बाबा, आमच्याकडे याहून जास्त कोणी बोलत नाही."

इथे दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावतात. एकाची फिल्म अमेरिकेसाठी, दुसऱ्याची परदेशासाठी. बरं उतरलेलं ते इथे ठेवायचं आणि उरलंसुरलं तिकडे पाठवायचं, असा रिवाज. मी उलटं करतो. नेपल्सवाल्याचे ओठ ज्यात स्वच्छ दिसतात ते इंग्लंडला जातं. मॅनेजर डाफरतो, "इंग्लंडवर एवढी मेहेरबानी कशाला?" मी तोच डबा इंग्लंडच्या गठ्ठ्यात टाकतो.

तुला अजून एक सांगायचं राहिलंय. इथे एक बाई होती. दोन वर्षं. चांगली होती, तिचा काही दोष नव्हता. जाताना म्हणाली, "ऑब्रे, झोपेत तुझे ओठ हलतात. मी रात्र रात्र बघितलंय. तू बोलतोस ती मी नव्हे." हे वाचून तू पत्र फाडशील. फाड. पण खोटं लिहून लिहून मी इथवर आलो, आता तुझ्याशी तरी खोटं नको.

तुझ्या भावाचं, नेडचं नाव युद्धात गेलेल्यांच्या यादीत वाचलं. माझ्या वयाचे, माझ्याहून थोरलेही गेले, आणि मी इथे उन्हात कागदी किल्ल्यांवर लुटूपुटीच्या लढाया लावतो. गाव मला काय म्हणत असेल ते विचारत नाही.

दोन वर्षं झाली 'ये' म्हण म्हणून विचारलं त्याला. तुझं उत्तर नाही म्हणजे तेच उत्तर, असं मन सांगतं. पण मग पाकिटावरचा तो 'अ' बघतो.

अमॉस


हॉलिवूड
१९ फेब्रुवारी १९२८

सेलिना,

बावीस सालापासून मी लिहिणं सोडलं होतं. किती विचारायचं, असं वाटलं. आज लिहितोय कारण परवा दुपारी तू मला भेटलीस.

मी एक चित्र करतोय, त्यात इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी दाखवायची होती. मी म्हटलं, नवी गर्दी कशाला उभी करायची, कंपनीनं विकत घेतलेली जुनी बातम्यांची रिळं कोठारात पडून आहेत, त्यातलं काही मिळतं का बघा. ओटो म्हणून आमचा यंत्रवाला आहे, त्यानं पाच-सहा डबे आणले. आम्ही दोघेच अंधारात बसलो होतो. तीन डब्यांत काही नव्हतं. चौथ्यात ब्लॅकपूल निघालं.

आपली सुट्टीच्या आठवड्यातली गर्दी! गिरण्या बंद, गाव रिकामं, सगळं लँकेशायर वाळूवर. मला तर हसू फुटलं. बायका हातात हात अडकवून रांगेनं चालत येतायत. आणि त्या रांगेत मधोमध तू. चेरी लावलेली टोपी. एका हाताला डॉली. डॉली तुला कोपरानं ढोसत होती आणि तिचे ओठ मी वाचले, "अगं बोल ना! अमेरिकेपर्यंत जाणार म्हणतोय तो कॅमेरावाला!"

तू थांबलीस. बाकीच्या पुढे गेल्या, तू कॅमेऱ्यासमोर आलीस. आधी मागे वळून बघितलंस, कोणी बघतंय का म्हणून. मग शेडमध्ये बोलायचीस तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललीस.

"अमॉस, पुरे झालं. गाव वाचतंय. बोलायचं ते घरी येऊन बोल."

मी ओरडलो. ओटो घाबरून उठला. मी म्हटलं, "पुन्हा लाव!" त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा लाव, पुन्हा लाव. अकराव्या वेळी तो म्हणाला, "साहेब, रीळ फाटेल. कोण आहे ती?"

"बायको आहे माझी."

"तुम्ही तर अविवाहित ना?"

"ते मासिकवाल्यांना विचार!" मी हसत होतो, सेलिना. इतक्या वर्षांनी तू बोलावलंस. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागलो होतो.

बाराव्या वेळी मी तुझ्याकडे बघायचं सोडून तुझ्या बाजूला बघितलं. तुझ्या दुसऱ्या हाताला कोणीतरी होतं. ठेंगणी, काळी शाल, मूठ उगारलेली. रीळ संपता संपता तिचे ओठ हलतात. "आणि दात घेऊन ये, मेल्या! हॉटपॉट आहे!"

सासूबाई. कात्रणातल्या, सोळा साली गेलेल्या सासूबाई.

मी ओटोला म्हटलं, डबा आण. दिव्याखाली धरला. वरची चिठ्ठी पिवळी पडली होती. 'ब्लॅकपूल, जुलै १९१४.'

फेब्रुवारीत मी विचारलं होतं, आणि तू जुलैत उत्तर दिलंस. शपथ न मोडता, मी सांगितलं तसंच, तोंडानं. पहिला कॅमेरा दिसला त्याच्यासमोर जाऊन. आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. हसणाऱ्या गर्दीची रिळं कोणाला हवी होती? डबा उघडलाच नाही कोणी. चौदा वर्षं तो माझ्याच कंपनीच्या कोठारात पडून होता, मी रोज जेवायला जायचो त्या वाटेवर.

तू काय काय समजली असशील ते आता माझ्या लक्षात येतंय. तू घरी ये म्हणालीस आणि मी आलो नाही. तू पुरे म्हणालीस आणि मी पडद्यावरून बोलतच राहिलो, आणि दर वेळी अख्खा हॉल मान वळवून तुझ्याकडे बघत असेल. आई गेल्यावर तू कात्रण पाठवलंस. त्याचा अर्थ 'आता तरी ये' असा होता का गं? आणि मी तुला पत्रातून पाकिटावरच्या 'अ'चं कौतुक सांगत बसलो. तुला वाटलं असेल, या माणसाला यायचंच नाही, याची सगळी तोंडाची वाफ.

सेलिना, मी ते पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये, चॅपलमध्ये, म्हणशील तिथे हात ठेवून सांगतो. पाहिलं असतं तर पोहत आलो असतो.

काल मॅनेजरनं बोलावलं होतं. आता चित्रं बोलणार आहेत म्हणतात, आवाजासकट. कंपनीचं पहिलं बोलकं चित्र मी करावं, तीन वर्षांचा करार तयार आहे. मी म्हटलं, मला दुसरीकडे बोलायचंय, आधीच उशीर झालाय. तो म्हणाला, "फेन, वेड लागलंय तुला." मी म्हटलं, "एंटविसल." त्याला काही कळलं नाही. म्हणजे काम गेलं म्हणून घरी आला, असं गावाला म्हणता येणार नाही. बाकी जे म्हणायचं ते म्हणू दे.

हे पत्र पुढे पाठवतोय, मागोमाग मी निघतो. सतरा मार्चला, शनिवारी, क्रॉशॉत असेन. तू अजून मागावर आहेस की नाही, आपल्याच घरात आहेस की नाही, घरात आणखी कोणी आहे का, मला काही माहीत नाही. चौदा वर्षांपूर्वीचं बोलावणं घेऊन थेट दार ठोठावायचा मला हक्क नाही. म्हणून बाराच्या भोंग्याला गिरणीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन. तिथे नसलीस तर आपल्या घरासमोर, पलीकडच्याच बाजूला.

शेड सुटली की लाकडी बुटांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्यानं बोलायची गरज नाही. लांबूनच सांग. 'जा' असेल तर तेही तोंडावर सांग, मी वाचेन आणि जाईन, एक शब्द बोलणार नाही. 'ये' असेल तर रस्ता ओलांडीन, आणि जे बोलायचं ते दार लावून घरात बोलेन.

ओळखायला त्रास नको म्हणून टोपी काढून उभा राहतो. डोक्यावर केस राहिलेले नाहीत. दात मात्र आहेत, जवळजवळ सगळे.

अमॉस